बंद पडत चाललेल्या हार्ड डिस्कमधून वडिलांच्या फाइली कशा वाचवाव्यात?

हळदगाव (मूळ प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी सांगलीहून लिहीत आहे. माझे वडील गेली अनेक वर्षे घरीच डीटीपीचे काम करीत आले. शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका अशी सगळी कामे त्यांनी केली. या पोटापाण्याच्या कामाच्या जोडीला त्यांनी अकरा वर्षे स्वतःसाठी एक काम चालवले होते. हळदीची शेती, हळद शिजवण्याची पद्धत आणि हरिपूरची जमिनीखालची पेवे, म्हणजे हळद साठवण्याची कोठारे, यांच्याशी संबंधित बोलीतील शब्दांचा तो एक कोश आहे. जेठा गड्डा, बगल गड्डा, सोरा गड्डा, हळकुंड इथपासून सुरुवात करून पेवात उतरणाऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द त्यांनी गावोगाव फिरून गोळा केले. २००५ च्या महापुरानंतर पेवे कमी होत गेली आणि ते शब्द वापरणारी माणसेही आता थकली आहेत, त्यामुळे हे काम पुन्हा नव्याने करता येण्यासारखे नाही.

हा सारा मजकूर २०१२ साली घेतलेल्या संगणकाच्या ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर आहे. काही भाग पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्राममध्ये आणि काही वर्डमध्ये असून टंक (फॉन्ट) श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रामचे आहेत. छापील प्रत अर्धवट आहे आणि तीही जुनी आहे. दुसरी प्रत कोठेच नाही. ही आमची मोठी चूक आहे, ती मला मान्य आहे.

दोन आठवड्यांपूर्वी पावसात वीज गेली आणि परत आल्यानंतर विंडोज सुरूच झाले नाही. मी डिस्क काढून केबल आणि अडॅप्टरच्या साहाय्याने माझ्या लॅपटॉपला जोडली. पहिल्या दिवशी डी ड्राइव्ह दिसला, पण एक फोल्डर उघडायला चार-पाच मिनिटे लागत होती. दुसऱ्या दिवशी ‘वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश येऊ लागला. मी फॉरमॅट केले नाही. मात्र कोणीतरी सुचवल्यामुळे चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क तपासण्याचे साधन सुरू केले आणि ते १२ टक्क्यांवर तासभर अडकून पडल्यावर बंद केले. आता डिस्क सुरू करताना अधूनमधून तीन-चार वेळा ‘टक्, टक्’ असा बारीक आवाज येतो आणि मग ती फिरू लागते.

मित्राने क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची प्रकृती दाखवणारा प्रोग्राम चालवून पाहिले. त्यात पिवळ्या रंगात ‘सावधान’ असे आले. उजवीकडच्या रकान्यातील आकडे मी उतरवून घेतले आहेत : ०५ समोर १३८, ०९ समोर ५बी७९, सी५ समोर ७४८ आणि सी७ समोर शून्य. आकड्यांच्या मध्ये अक्षर कसे आले ते मला कळत नाही.

गावातील दुरुस्ती करणाऱ्यांनी तीन मार्ग सांगितले : चेकडिस्क पूर्ण होऊ द्यावे, तशाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून हिला लावावा, किंवा डिस्क उघडून पाहावी. यांपैकी काय करावे आणि काय करू नये, हे कृपया सविस्तर सांगावे. वडील ७१ वर्षांचे आहेत. ते काही बोलत नाहीत, पण दिवसातून दोनदा येऊन डिस्क ठेवलेल्या डब्याकडे पाहून जातात.

लोहचुंबक

नमस्कार ताई. मी बरीच वर्षे संगणक दुरुस्तीचे काम केले आहे आणि अशा डिस्क माझ्या हातून अनेकदा गेल्या आहेत. सर्वप्रथम एक विनंती : हे उत्तर वाचून पूर्ण होईपर्यंत ती डिस्क कशालाही जोडू नका. सांगितलेल्या तीन मार्गांपैकी एकही मार्ग या अवस्थेत योग्य नाही. त्याची कारणे एकेक करून सांगतो.

आधी आकड्यांविषयी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उजवीकडचे आकडे सोळाच्या पायावर दाखवतो, म्हणून त्यांत ए ते एफ ही अक्षरे येतात. नेहमीच्या दशमान पद्धतीत ५बी७९ म्हणजे २३,४१७ होतात, म्हणजे डिस्क इतके तास चालली आहे. रोज आठ-दहा तास चालणाऱ्या कामाच्या संगणकाला हे साजेसेच आहे. ०५ समोरचे १३८ म्हणजे ३१२. इतके सेक्टर, म्हणजे डिस्कवर मजकूर साठवण्याचे लहान कप्पे, खराब झाल्याने डिस्कने स्वतःच बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर घेतले आहेत. खरी काळजीची गोष्ट सी५ ही आहे. ७४८ म्हणजे १,८६४ सेक्टर असे आहेत की जे वाचण्याचा प्रयत्न फसला आणि ज्यांचा निकाल अजून लागायचा आहे. सी७ हा आकडा केबलमधील दोषाने वाढतो. तो शून्य असल्याने दोष केबलचा नसून डिस्कच्याच आत आहे, असे धरून चालावे.

एका सेक्टरचे ५१२ बाइट धरले तर १,८६४ सेक्टर म्हणजे एक एमबीहूनही कमी मजकूर होतो. म्हणजे तुमच्या वडिलांचे काम बहुतांशी डिस्कच्या आतील तबकड्यांवर अजून शाबूत असण्याची चांगली शक्यता आहे. परंतु ते वाचणारी यंत्रणा थकली आहे आणि तिच्याकडे किती तास उरले आहेत हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून ते उरलेले तास कशावर खर्च करायचे, हाच सगळा प्रश्न आहे.

आत काय घडते ते थोडे समजून घ्या. डेस्कटॉपच्या डिस्कमधील तबकडी साधारणपणे मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. वाचणारे हेड त्या तबकडीला टेकत नाही, तर तिच्या वेगाने तयार होणाऱ्या हवेच्या थरावर केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही हे अंतर कमी असते. हेडला आपली जागा ओळखता आली नाही की ते मागे जाते आणि पुन्हा येऊन शोधते. तुम्हाला ऐकू येणारी ‘टक्, टक्’ ती हीच. तीन-चार ठोक्यांनंतर डिस्क सावरते आहे, म्हणजे हेड अजून काम करीत आहेत. ज्या दिवशी हा ठोका थांबणार नाही, किंवा खरवडल्यासारखा आवाज येईल, त्या दिवशी घरगुती उपायांचा विषय संपेल.

आता तीन मार्गांविषयी. चेकडिस्क हे फाइल-व्यवस्था नीट करण्याचे साधन आहे, मजकूर वाचवण्याचे नव्हे. एखाद्या फोल्डरची नोंद वाचता आली नाही तर ते ती नोंद खोडू शकते, आणि सुट्या पडलेल्या तुकड्यांना क्रमांकाची नावे देऊन वेगळ्या फोल्डरात टाकते. ते हे सारे त्याच आजारी डिस्कवर लिहिते. निरोगी डिस्कवर ते उपयोगी आहे, येथे घातक आहे. तुम्ही ते १२ टक्क्यांवर थांबवले, हे बरे झाले.

बोर्ड बदलण्याचा उपाय विसाएक वर्षांपूर्वी बऱ्याच डिस्कना चालत असे. आता प्रत्येक डिस्कच्या बोर्डवरील चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात ठरवलेली मोजमापे साठवलेली असतात. ती चिप न हलवता नुसता बोर्ड बदलला तर बहुधा डिस्क ओळखलीच जात नाही. शिवाय तुमची डिस्क फिरते आहे आणि ओळखलीही जाते आहे, म्हणजे बोर्ड बिघडल्याचे लक्षणच नाही. वीज परत येताना जास्त दाबाने बोर्डवरील संरक्षक डायोड जळाला असता, तर डिस्कमधून कोणताही आवाज आला नसता.

उघडण्याविषयी एवढेच सांगतो की, काही नॅनोमीटरच्या फटीत खोलीतल्या हवेतील धुळीचा कण दरडीतून घसरलेल्या दगडासारखा असतो. हे काम धूळमुक्त कक्षातच होते.

पुढचा निर्णय तुमचा आहे. पैशांची सोय असेल आणि हा मजकूर पुन्हा मिळणार नाही असे असेल (आणि तो तसाच आहे), तर डिस्क आहे त्या अवस्थेत डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे पाठवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. पुण्या-मुंबईत अशा सोयी आहेत. पाठवण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी मागावा, मजकूर मिळाला नाही तर शुल्क किती ते विचारावे आणि पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी पाहायला मागावी. तो खर्च झेपणारा नसेल तर घरी एकच काम करता येईल : संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या निरोगी डिस्कवर घेणे आणि नंतरची सारी शोधाशोध त्या प्रतीवर करणे. आपण काय ठरवता ते कळवा, म्हणजे रीत सविस्तर लिहितो.

रत्नागिरीकर

लोहचुंबक यांचे म्हणणे मला पटते, तरी एक सुचवावेसे वाटते. माझ्या भावाची अशीच डिस्क त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास चालली. त्या अर्ध्या तासात त्याने मुलांची छायाचित्रे उतरवून घेतली. ताईंना दुसरा काही उपाय चालला नाही तर हे करून पाहता येईल का? मी हे मनापासून विचारत आहे, कारण त्या वेळी आम्हाला त्याचा खरोखर उपयोग झाला होता.

लोहचुंबक

आपल्या भावाला उपयोग झाला, याबद्दल मला शंका नाही. जुन्या डिस्कमध्ये अडकलेली मोटर किंवा तापल्यावर निकामी होणारा एखादा भाग थंडीने थोडा वेळ सुटत असे, आणि त्यातूनच हा उपाय लोकांत पसरला. परंतु येथे मोटर अडकलेली नाही. उलट आत्ता पावसाळा आहे. फ्रीजरमधून काढलेल्या ताकाच्या भांड्यावर बाहेरून पाणी धरते, तसेच दव डिस्कमध्येही धरते, कारण बहुतेक डिस्क हवाबंद नसतात. त्यांना गाळणी बसवलेले एक बारीक छिद्र असते. तबकडीवर दव असताना हेड वर आले तर पृष्ठभाग ओरखडला जातो, आणि मग प्रयोगशाळेलाही काही करता येत नाही. कृपया हा उपाय येथे करू नये. डिस्कवर बाहेरून पंख्याचा वारा सोडणे मात्र चांगले आणि पुरेसे आहे.

हळदगाव

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. पुण्यातील एका ठिकाणी फोनवर चौकशी केली. त्यांनी सांगितलेला अंदाज आम्हाला आज झेपणारा नाही, परंतु अगदीच अशक्यही नाही. वडिलांशी बोलले. त्यांचे म्हणणे असे पडले की आधी घरी एकदा काळजीपूर्वक प्रयत्न करावा, आणि आवाज वाढला तर तिथेच थांबून डिस्क पुण्याला पाठवावी. मी एक टीबीची नवी डिस्क आणली आहे. माझ्या भावाच्या घरी एक डेस्कटॉप आहे, त्यात साटाच्या, म्हणजे डिस्क आतून थेट जोडण्याच्या, दोन जागा रिकाम्या आहेत. आता रीत सांगावी. मला विंडोजऐवजी वापरतात त्या लिनक्सची सवय नाही, पण लिहिलेले वाचून शब्दशः करता येईल.

लोहचुंबक

वडिलांनी ठरवलेली मर्यादा अगदी योग्य आहे. ती कागदावर लिहून संगणकासमोर चिकटवा, कारण काम अर्ध्यावर आले की माणसाला थांबवत नाही.

डिस्क यूएसबी अडॅप्टरने न जोडता डेस्कटॉपच्या साटा केबलने थेट जोडा. खराब सेक्टर आला की अडॅप्टर बऱ्याचदा संपूर्ण जोडणीच तोडतो आणि मग डिस्क पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, जे आपल्याला टाळायचे आहे. विंडोज मुळीच सुरू करू नका, कारण ते डिस्क दिसताच न विचारता तिच्यात डोकावते. सिस्टमरेस्क्यू नावाची मोफत लिनक्स पेन ड्राइव्हवर घ्या आणि संगणक तिच्यावरून सुरू करा. तिच्यात डीडीरेस्क्यू (इमेज घेणारे), टेस्टडिस्क आणि फोटोरेक (इमेजमधून फाइली काढणारी) ही तिन्ही साधने आधीच असतात. पेन ड्राइव्ह तयार करणे, ती सुरू होते का हे पाहणे, नव्या डिस्कचे फॉरमॅट करणे, ही सारी तयारी जुनी डिस्क न जोडता करा. नवी डिस्क एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करा. फॅट३२ मध्ये एक फाइल चार जीबीहून मोठी होऊ शकत नाही आणि आपली इमेज ५०० जीबीची असणार आहे.

यानंतरचा टप्पा सर्वांत जोखमीचा आहे. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे लिनक्सने दिलेल्या नावावरून ठरवू नका, कारण ती नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. दोन्ही डिस्कच्या लेबलवरील अनुक्रमांक आधी कागदावर उतरवा आणि पडद्यावरच्या यादीतील अनुक्रमांकाशी अक्षर-अक्षर जुळवा. शक्यतो हे भावाला मोठ्याने वाचायला सांगा. उलटसुलट झाले तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर चढते आणि मग कोणालाच काही करता येत नाही. याच कारणासाठी मी थेट डिस्कवरून डिस्कवर प्रत न घेता नव्या डिस्कवर एक इमेज फाइल तयार करण्यास सुचवतो. थेट डिस्कवर लिहायचे असेल तर डीडीरेस्क्यूला जबरदस्तीचा पर्याय द्यावा लागतो. फाइलसाठी तो लागत नाही, म्हणून तो कोठेही देऊ नका. एखाद्या क्षणी प्रोग्रामने तो मागितला, तर आपले काहीतरी चुकले आहे असे समजून थांबा.

डीडीरेस्क्यूची खुबी अशी की, ते अडलेल्या ठिकाणी हट्टाने बसून राहत नाही. वाचायला त्रास देणारा भाग दिसला की तो टाकून पुढे जाते, सोपे ते सारे आधी गोळा करते आणि कोठे काय राहिले याची नोंद एका लहानशा नकाशा-फाइलमध्ये करीत जाते. ही नकाशा-फाइल म्हणजे या कामाचा प्राण आहे. ती असेल तर काम कधीही थांबवून नंतर तेथूनच पुढे नेता येते. ती इमेजशेजारी नव्या डिस्कवरच ठेवा. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सचे स्वतःचे फोल्डर मेमरीत असते, त्यामुळे तेथे ठेवलेली फाइल वीज जाताच नाहीशी होते. यूपीएस मिळाला तर अवश्य लावा.

पहिल्या फेरीत खरवडण्याचा, म्हणजे खराब जागा एकेक सेक्टर करून पुन्हा वाचण्याचा, टप्पा वगळणारा पर्याय द्या, म्हणजे खराब जागा चिवडल्या जाणार नाहीत. निरोगी डिस्क असती तर हे काम काही तासांत झाले असते. येथे एक ते तीन दिवस लागू शकतात. डिस्क टेबलावर सपाट ठेवा, तिच्यावर पंखा लावा, आणि चालू असताना तिला हात लावू नका. पहिली फेरी संपल्यावर मिळालेल्या आणि राहिलेल्या भागाचे आकडे येथे लिहा. दुसरी फेरी करायची की नाही ते त्यानंतर ठरवू.

जुळारी

मी स्वतः पुण्यात वीस वर्षे डीटीपी केले, म्हणून या चर्चेत राहून गेलेली एक गोष्ट सांगतो. इमेज मिळाल्यानंतर फाइली उघडाल, तेव्हा बऱ्याच फाइलींत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे, टिंबे, स्वरचिन्हे लावलेली युरोपीय अक्षरे आणि चौकोन यांची रांग दिसेल. ते पाहून फाइल बिघडली असे समजून ती फेकून देऊ नका. श्रीलिपी काय किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे टंक काय, त्या काळात मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले असत. टंक संगणकात नसेल तर तोच मजकूर निरर्थक दिसतो, आणि टंक घातला की जसाच्या तसा उभा राहतो. मजकूर खरोखर बिघडलेला असेल तर अशा रांगेच्या मध्येच कोरी जागा येते, किंवा फाइल उघडतच नाही.

त्यामुळे इमेजमधून कोशाच्या फाइलींबरोबरच विंडोजमधील टंकांचे फोल्डर आणि श्रीलिपीचे फोल्डर हेही पहिल्याच दिवशी बाहेर काढा. पेजमेकरच्या फाइलीत टंक सोबत जात नाहीत, फक्त त्यांची नावे जातात. वडिलांकडे श्रीलिपीचे हार्डवेअर लॉक (प्रोग्राम चालण्यासाठी संगणकाला लावावी लागणारी किल्ली) असेल तर ते जपून ठेवा. आणि युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रचलित मराठी टंकलेखनात, शब्द घालून शोध घेऊ नका, कारण ‘हळकुंड’ असे टंकून शोधले तर जुन्या फाइलीत ते सापडणार नाही. त्या फाइलीत तो शब्द त्या रूपात नाहीच. वडिलांना एखादा शब्द जुन्या टंकात टंकायला सांगा आणि त्यातून दिसणारी इंग्रजी चिन्हे शोधा. मी स्वतः एका ग्रंथाची अडीच हजार पाने याच रीतीने परत जुळवली आहेत.

फाइलींची नावे टिकवणे किती महत्त्वाचे आहे, हेही सांगायला हवे. फोटोरेक हे साधन फाइलीच्या आरंभीच्या खुणेवरून फाइल ओळखते, उदाहरणार्थ जेपेग छायाचित्र नेहमी एफएफ डी८ या दोन बाइटांनी सुरू होते. पण नावे आणि फोल्डर त्याला कळत नाहीत. हजारो फाइली नुसत्या क्रमांकांनी समोर येतात, आणि एका फाइलीचे तुकडे डिस्कवर दूरदूर पडले असतील तर ती नीट जुळत नाही. म्हणून आधी टेस्टडिस्कने इमेज उघडून नावांसकट फाइली मिळतात का ते पाहा. फोटोरेक अगदी शेवटी वापरा.

हळदगाव

दोन दिवस आणि एक रात्र लागली. काल सायंकाळी पहिली फेरी पूर्ण झाली. सुरू करताना आवाज तीन वेळा आला, नंतर आला नाही. आकडे असे आहेत : ९९.९ टक्के मिळाले, सुमारे ४९० एमबी राहिले. रात्री मधेच एकदा वीज गेली होती. यूपीएसने पंधरा मिनिटे तग धरला आणि तेवढ्यात भावाने काम थांबवून संगणक बंद केला. सकाळी नकाशा-फाइलीमुळे तेथूनच पुढे सुरू झाले. दुसरी फेरी करावी का?

लोहचुंबक

फारच उत्तम. आधी नवीन काही न करता इमेज उघडून कोशाचे फोल्डर दिसते का ते पाहा आणि ते पूर्ण मिळाले असेल तर डिस्कला आणखी श्रम देऊ नका. ते अर्धवट असेल तर खरवडण्यासह दुसरी फेरी करा. आवाज बदलला तर ताबडतोब थांबा. फेरी संपल्यावर इमेजची आणखी एक प्रत घ्या, आणि त्या प्रतीवर डीडीरेस्क्यूची भरण-पद्धत वापरून न मिळालेल्या जागांत एखादा ठरावीक शब्द भरा. मग ज्या फाइलींत तो शब्द सापडेल तेवढ्याच बिघडलेल्या, बाकीच्या सुरक्षित, अशी नेमकी यादी हाती येते. प्रत्येक फाइल उघडून पाहत बसण्यापेक्षा हे फार सोपे आहे.

हळदगाव

दहा दिवसांनी लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. पहिल्या इमेजमध्ये कोशाचे फोल्डर दिसले, पण त्यातील दोन फाइली उघडत नव्हत्या, म्हणून दुसरी फेरी केली. तिला चार दिवस लागले आणि राहिलेला भाग ४९० वरून ३८ एमबीवर आला. त्यानंतर डिस्क बंद करून डब्यात ठेवली आहे.

सांगितल्याप्रमाणे न मिळालेल्या जागांत शब्द भरून शोध घेतला, तर साऱ्या डिस्कमधील ४१ फाइली बिघडलेल्या निघाल्या. त्यांतील बहुतेक विंडोजच्या होत्या आणि नऊ लग्नपत्रिकांच्या होत्या. कोशाची मात्र एक फाइल त्यांत आहे, ‘ब’ ते ‘म’ या अक्षरांची. तिच्यात मध्येच सुमारे साठ नोंदींचा मजकूर गेला आहे. उरलेला सारा कोश आहे.

पहिल्यांदा फाइल उघडली तेव्हा जुळारी यांनी लिहिले होते तसेच झाले. पडद्यावर नुसती इंग्रजी चिन्हे आली आणि वडील मागे सरून खुर्चीत बसले. मी त्यांना आपले उत्तर वाचून दाखवले. मग टंकांच्या फोल्डरमधून श्रीलिपीचे टंक घातले, फाइल पुन्हा उघडली, आणि ‘पेव’ या शब्दाची नोंद समोर आली. त्याखाली पेवात उतरण्यापूर्वी आतली हवा कशी पारखतात याविषयी त्यांनी हरिपूरच्या एका म्हाताऱ्या हमालाकडून लिहून घेतलेला परिच्छेद होता. तो त्यांनी स्वतः मोठ्याने वाचला.

२०१४ सालची एक जुनी प्रतही वेगळ्या फोल्डरमध्ये सापडली. तिच्यातून साठपैकी सदतीस नोंदी परत मिळाल्या. उरलेल्या तेवीस नोंदी वडील पेन्सिलने वहीत लिहीत आहेत. त्यांतील अकरा आजपर्यंत आठवल्या आहेत. बाकीच्यांसाठी पाऊस उघडला की ते हरिपूरला जाणार आहेत. इमेजची एक प्रत आमच्याकडे, एक मिरजेला आत्याकडे आणि नुसत्या कोशाची एक प्रत पेन ड्राइव्हवर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे.

एक शेवटचा प्रश्न : जुनी डिस्क आता टाकून द्यावी का?

लोहचुंबक

ताई, वाचून फार आनंद झाला. डिस्क टाकू नका आणि सुरूही करू नका. त्या तेवीस नोंदी न मिळालेल्या ३८ एमबीमध्येच आहेत, आणि पुढे कधी खर्च झेपला तर प्रयोगशाळेला नव्या हेडच्या साहाय्याने त्या वाचता येण्याची शक्यता उरते. ती अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, भोवती स्पंज देऊन, कोरड्या कपाटात ठेवा आणि वर चिठ्ठी लावा : कोणत्या तारखेला बंद केली, सी५ चा शेवटचा आकडा किती होता आणि नकाशा-फाइल कोठे आहे. उद्या ज्याच्या हाती ती जाईल, त्याला नेमक्या कोणत्या जागा वाचायच्या आहेत हे त्या नकाशावरूनच कळेल.

जुळारी

कोशाचे युनिकोडमध्ये रूपांतर करायचे असेल तर मला अवश्य कळवा. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण रफार आणि जोडाक्षरे यांत ते हमखास चुकतात, म्हणून प्रत्येक पान मुळाशी ताडून पाहावे लागते. ‘अ’ ते ‘न’ मी पाहून देईन. मजुरी घेणार नाही. वडिलांना माझा नमस्कार सांगा.